डोमाजींची सरकारी जागा

बकरीला हात जोडणारा माणूस सालेकशाजवळच्या आमच्या गावात एकच होता, डोमाजी. गावाबाहेरच्या पडीक जागेत बकरी शिरली की हे धोतर सावरत धावत. "बाई, निघ ना इथून. सायब पायतीन तं का म्हनतीन?" साहेब तेव्हा तहसिलीत पान खात बसलेले असत.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तशी ती जागा सरकारजमा झाली होती. आता सरकार ती शाळेसाठी ग्रामपंचायतीला देणार होतं. माझी शाळा तोवर एका गोठ्यात भरे. पावसाळ्यात पोरांबरोबर म्हशीही पाढे ऐकत. म्हणजे घोर मलाही होताच. पण डोमाजी पडले पंच. "सरकारचं मन फिरलं तं, गुरुजी?" हे त्यांनी मला पंगतीत विचारलं, नदीवर विचारलं, एकदा तर मयतीत खांदा देतानाही विचारलं.

ताबा द्यायला साहेब येणार असं कळलं आणि त्यांना राहवेना. पाहुणा यायचा म्हणजे अंगण सारवायचं, ही आमच्याकडची रीत. डोमाजींनी जागा झाडून काढली, सडा टाकला आणि बकऱ्या नकोत म्हणून सभोवती काट्यांचं कुंपण घातलं. जागेला लागून घर त्यांचंच. साहेबांनी एकदा कुंपण पाहिलं, एकदा घर पाहिलं.

"अतिक्रमण कुणाचं हे?"

"माहं हाये जी. म्हनजे केलं मीच, पर माहं नाही."

"उद्या दुपारपर्यंत जागा मोकळी दिसली नाही तर प्रकरण परत जाईल," म्हणून साहेब निघून गेले.

मी भयंकर चिडलो होतो. तरी संध्याकाळी गेलो. डोमाजी एकटेच काटे उपसत होते, हात रक्ताळलेले. "काका, कोणी सांगितले होते हे नसते उद्योग?" त्यांनी वर पाहिलं. "सरकारचं मन फिरलं तं, गुरुजी?" या वेळी मला थट्टा सुचली नाही. मीही काटे ओढू लागलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मोकळी जागा फिरून पाहिली आणि पंचायतीला ताबा दिला. जाताना सहज विचारलं, "पंचांचं काही म्हणणं?"

डोमाजी पुढे झाले. आता हे काय घोळ घालतात कोण जाणे!

"शाळेच्या खिडक्या माह्या घराकडे ठेवजा जी."

"का हो?"

"बायको गेली तवापासून घरात कोनाचा आवाज नाही."