गफूरभाईंचा समुद्री राकस

पडद्यावर समुद्र उसळावा, त्यातून दोन मजली घराएवढा राक्षस वर यावा, बोटीवरच्या बाईनं किंकाळी फोडावी, आणि नेमकं तेव्हाच आमच्या गफूरभाईंनी मान हलवून म्हणावं, "भरण कच्चं आहे."

गफूरभाई गादीवाले. शेंदूरजनाघाटच्या बाजाराच्या तोंडाशी त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या माडीवर मी भाड्यानं राहत होतो. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, वरून टाके घालायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यामुळे समोर माणूस येवो की राक्षस, त्याच्या आत काय भरलंय आणि ते पुढेमागे कुठे गोळा होणार याचा अंदाज ते आधी घेत. मला पहिल्यांदा भेटले तेव्हाही माझ्या पोटाकडे बघून बराच वेळ विचारात पडले होते.

दुकानात गाद्यांच्या थप्पीवर एक टीव्ही आणि सीडी प्लेअर होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की सिनेमा लागे, आणि तो एकाच जातीचा. समुद्रातून काहीतरी निघतं आणि माणसं खातं. कधी ऑक्टोपस, कधी खेकडा, कधी मगरीचं तोंड लावलेला मासा, आणि एकदा तर कशाशीच न जुळणारं एक काळं बोचकं. सगळे सिनेमे परदेशी, हिंदीत डब केलेले, आणि इतक्या काटकसरीत उरकलेले की राक्षस पाण्याबाहेर आला की त्याच्या पाठीवरची चेन दिसायची.

आमच्या गावाहून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. गफूरभाई त्या दिशेनं अकोल्याच्या पलीकडे गेलेले नव्हते. पण समुद्राबद्दल त्यांची मतं पक्की होती. पहिलं म्हणजे समुद्रावर शास्त्रज्ञाचं कोणी ऐकत नाही. दुसरं, राक्षस नेहमी वाढदिवसाची पार्टी बघून येतो.

मी अमरावतीहून आलेला, कॉलेजात मराठी शिकवणारा. अमरावतीत आमचं एक फिल्म मंडळ होतं. तिथे आम्ही पाच-सात जण असे सिनेमे बघायचो ज्यांत एक म्हातारा अर्धा तास खिडकीबाहेर बघत बसतो आणि नंतर आम्ही दोन तास त्यावर बोलतो. अशा माणसाला रोज दुपारी पायाखालून राक्षसाची डरकाळी ऐकू येत असेल तर त्याचं काय होत असेल? एक दिवस मी खाली उतरलोच.

"गफूरभाई, हे काय बघता? मघाशी राक्षस पुलाएवढा होता, आता बोटीएवढा झाला. आणि बोट उलटली तो सीन तिसऱ्यांदा दाखवताहेत!"

"चवथ्यांदा," गफूरभाई शांतपणे म्हणाले. "बोट एकच होती, सर. ते बुडाली. आता दुसरी कुठून आणतीन?"

"आणि तो समुद्र? तो टाक्यात आहे. मागची भिंत दिसते!"

"दिसते ना. पोपडे बी दिसते." त्यांनी माझ्यासाठी एक गादी पुढे सरकवली. "सर, पैसेवाल्याचा राकस खराच वाटते. त्यात त्याचं काय मोठं? हा गरीब राकस आहे. ह्याले कोनी भेत नाई, हे त्याले बी माहीत आहे, तरी तो येते. जराक आतल्या मानसाचा इचार करा. येवढ्या उन्हात रबराच्या खोळीत घुसला, वरून पाणी, आंदर घाम, अन् डोयाले दिसून नाई राह्यलं. तरी हात हालवते का नाई?"

हे 'आतल्या माणसाचा विचार करा' त्यांच्या तोंडी सारखं असे. राक्षसाच्या पोटात कोंबलेल्या त्या अनोळखी परदेशी माणसाबद्दल त्यांना इतकी कळकळ होती की राक्षस मेला की ते सुटकेचा श्वास टाकत. "चला, सुटला बिचारा. आता च्या भेटन त्याले."

या सिनेमांना त्यांचा एकच जोडीदार होता, वासुदेवराव. शाळेपासूनचे दोस्त. वासुदेवरावांचा गावाबाहेर संत्र्याचा बगीचा होता आणि थोडा कापूस. गफूरभाईंना भरण दिसायचं, तर वासुदेवरावांना नुसता राक्षस. एकच सिनेमा कितव्यांदा का असेना, ते गादीवर उकिडवे बसून त्या बाईला ओरडून सांगायचे, "अवो बाई, मांगं पाय! मांगं पाय ना!" बाई काही मागे बघायची नाही. मग ते कपाळावर हात मारून घ्यायचे आणि गफूरभाई समाधानानं त्यांच्याकडे बघायचे. मला तर कधी कधी वाटे की टीव्ही नुसता निमित्ताला आहे, सिनेमा इथं गादीवरच चाललाय.

ती वर्षं आमच्या भागाला वाईटच गेली. बोअर आटत होते, बगीचे उभ्याउभ्या वाळत होते. त्या उन्हाळ्यात वासुदेवरावांचाही बगीचा गेला. ज्या झाडांना त्यांनी स्वतः घागरीनं पाणी घालून वाढवलं होतं, ती त्यांनीच आरा लावून पाडली आणि जळतण म्हणून ट्रकमध्ये भरून दिली. मग ते घरी येऊन बसले ते बसलेच. दुकानात येईनात, शेतात जाईनात. पुढे पुढे बोलेनातही.

त्या वर्षांत आमच्याकडे शेती करणारा माणूस गप्प झाला की सगळ्या गावाच्या छातीत धस्स व्हायचं. का, हे आमच्यात कोणाला समजावून सांगावं लागत नसे.

आणि श्रावणात पाऊस झाला. चांगला झाला. वासुदेवरावांच्या शेतातलं तळं, ज्याच्या तळाशी उन्हाळाभर भेगा होत्या, ते काठोकाठ भरलं. झाडं गेल्यावर पाणी आलं. निसर्गाच्या या विनोदावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.

त्याच सुमारास वासुदेवरावांच्या पत्नी, कुसुमवहिनी, दुकानात आल्या. मी तिथंच होतो.

"गफूरभाऊ, तळं भरलं म्हून सांगतलं तर ते भिताडाकडं तोंड करून झोपले. जेवाले उठा म्हनलं तर हू नाई का चू नाई. मले लय भेव वाटून राह्यलं. तुमी काहीतरी करा."

गफूरभाई रजईला टाके घालत होते. ते थांबले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तळं किती भरलं, वयनी?"

"काठोकाठ."

"मंग जमते," गफूरभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावात जाहीर केलं की ते समुद्री राक्षसाचा सिनेमा काढणार आहेत, वासुदेवच्या तळ्यात.

मी खरंच संतापलो. दोस्त तिकडे भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि यांना सिनेमा सुचतोय! मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "सर, तुमी शिकेल मानूस. दोरी वढता येते का तुमाले?"

अशा रीतीनं मी, अमरावती फिल्म मंडळाचा एके काळचा सचिव, एका समुद्रपटात दोरी ओढण्याच्या कामावर रुजू झालो.

राक्षस दुकानातच तयार झाला. कापूस कुसुमवहिनींनी दिला, घराच्या कोपऱ्यात पडून असलेला, वासुदेवरावांच्याच शेतातला. गफूरभाईंनी त्याची सरकी काढली, तो असा पिंजला की नवरीच्या रजईतही घालावा, आणि दाबून दाबून भरला. आठ हात काढायचे होते, पण कापड सहालाच पुरलं. कापड गादीचंच, गुलाबाच्या फुलांचं. वरून निळी ताडपत्री चढवली तरी काखेतून गुलाब डोकावत होते. डोळे स्कूटरच्या इंडिकेटरचे, दात थर्मोकोलचे. मी हळूच म्हणालो, की हा फारसा भयंकर वाटत नाही.

"भरण पाहा, भरण," गफूरभाई त्याचं पोट थोपटत म्हणाले. "कुठं गोळा सापडला तर सांगा."

कॅमेरा त्यांनी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडून आणला. आता प्रश्न होता वासुदेवरावांचा. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. ते बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"वासुदेव," गफूरभाई म्हणाले, "उद्या मुहूर्त आहे. मालकाले नारळ फोडा लागते."

वासुदेवरावांनी चादर डोक्यावर ओढली.

"मी फोडतो म्हन, मले काय! पन तुह्या शेताच्या देवाले चालन का? उद्या काही उलटं झालं तर मले बोल नको लावू."

मग वासुदेवराव न वळताच हळूच उठून बसले.

सकाळी सगळं गाव तळ्यावर हजर. मी अशी गर्दी आमच्या फिल्म मंडळाच्या कुठल्याच कार्यक्रमाला पाहिली नव्हती. वासुदेवराव आले, पाडलेल्या झाडांच्या खुंटांच्या रांगांकडे न बघता सरळ तळ्याशी गेले, नारळ फोडला, आणि बाजूला जाऊन खाली मान घालून उभे राहिले. गफूरभाईंनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि ओरडले, "वढा!"

मी दोरी ओढली. आणि खरं सांगतो, राक्षस आला. सहा हात पसरून, इंडिकेटरचे डोळे चमकवत, समोरच्या काठावरून हलत डुलत तो तळ्याच्या मध्यापर्यंत आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्याही अंगात काहीतरी संचारलं. मग दोरी जड व्हायला लागली.

झालं होतं असं, की ताडपत्री चढवल्यावर गफूरभाईंना ती मोकळी बघवेना. हयात ज्या माणसाची टाके घालण्यात गेली, त्यानं तिच्यावरही डोक्यापासून शेपटीपर्यंत टाके घातले होते. बारीक, सारखे, रजईला घालतात तसे चौकटी-चौकटीत. जितके टाके तितकी भोकं. राक्षस सगळ्या अंगानं पाणी पीत होता. आधी हात गेले, मग पोट, मग एक डोळा. दात तेवढे सुटून वर तरंगत राहिले.

गर्दी हसून हसून लोळायची बाकी राहिली होती. आणि त्या हसण्यावरून एक आवाज आला.

"अबे गफ्फ्या! कापूस भरला का बे त्याच्यात?"

वासुदेवराव होते. मान वर होती, डोळे वटारलेले.

"हो," गफूरभाई म्हणाले.

"माहा? माहा कापूस? घरातला?"

"हो ना बे. लय मस्त पिंजला होता, पन..."

"कापूस कोनी पान्यात टाकते का बे, गाढवा! अरे भिजून राह्यला ना तो! पाहता काय सारे? धरा!" आणि ते धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात शिरलेसुद्धा. "सर, ढिली नका सोडू दोरी! काहून हासता बे? या ना आंदर!"

पडलेल्या झाडांवर जे माणूस एक शब्द बोललं नव्हतं, ते भिजणाऱ्या कापसासाठी त्या दिवशी सगळ्या गावाला शिव्या घालत होतं. निम्मं गाव पाण्यात उतरलं. राक्षस हत्तीएवढा जड झाला होता. तो काठावर ओढला, त्याचे टाके उसवले, पोट फाडलं, आणि वासुदेवराव सांगतील तसा कापूस पिळून पिळून खुंटांवर वाळत घातला. प्रत्येक खुंटावर ते स्वतः हात फिरवत, माती झाडत आणि मग म्हणत, "हां, याच्यावर टाक." शेवटच्या रांगेत ते एका खुंटाशी खाली बसले आणि रडले. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. कोणी त्यांना गप्प केलं नाही. कुसुमवहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, आणि मला बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात वासुदेवराव दुकानात यायला लागले. गादीवर बसून पहिला अर्धा तास गफूरभाईंच्या अकलेचा उद्धार करत, मग सिनेमा लावायला सांगत.

एक दिवस ते उठून गेल्यावर मी गफूरभाईंना म्हणालो, "जेवढं शूटिंग झालं तेवढं तरी दाखवा की. तो बुडण्याचा सीन काय असेल!"

"नाई सर. तो क्यामेरा बंद होता. आतलं काहीतरी जळेल होतं. लग्नवाल्यानं आधीच सांगतलं होतं."

"मग तुम्ही त्याला डोळा लावून काय बघत होता?"

"वासुदेवले." त्यांनी दोरा तोडला. "असंच पाहालं तर मानसाले समजते, आपल्यावर नजर आहे म्हून. क्यामेऱ्यातून पाहालं तर नाई समजत."

सुईत नवा दोरा ओवत तेच पुढे म्हणाले, "बगीचा पडला तवापासून मी रोज सकाळी त्याच्या घराकडून जातो, सर. आंदर नाई जात. जाऊन काय बोलनार? भिताडाच्या भाईर उभा राह्यतो. त्याले सकाळी बिडीचा खोकला येते. खोकला आयकू आला का मंग येऊन दुकान उघडतो."

मी म्हणालो, "पण आता तर ते येतात, बोलतात. आता कशाला जाता?"

"येते ना. शिव्या बी देते. तरी जातो." त्यांनी नवी खोळ मांडीवर ओढली. "आज सकाळी लय येळ खोकला आलाच नाई."

"मग?"

"मंग काय," गफूरभाई म्हणाले. "उभा होतो."