एका ओळीने सगळे करडे

या, असे जवळ सरका. फोन पालथा ठेवा आणि दोन घटका कान द्या. एक आख्यान सांगतो. देवादिकांचं नाही, माझ्याच फजितीचं आहे.

मी वेबसाइटी बांधतो, वीस वर्षं झाली. पूर्वी हे काम म्हणजे आखूड चादर: डोक्यावर ओढली की पाय उघडे. मोठ्या पडद्यावर पान नीट बसलं की फोनवर त्याचा चोळामोळा. मग प्रत्येक मापाचे वेगळे नियम आणि वर स्क्रिप्टांची, म्हणजे जादा कोडची, ठिगळं. पण सीएसएस म्हणजे पानाचे कपडे बेतायची जी भाषा, तिचे नवे नियम आले आणि सगळे ब्राउझर ते एकदिलाने पाळू लागले. आता चौकट स्वतःच बघते की आपल्याला जागा किती मिळाली, आणि तेवढ्यात अंग चोरून बसते. रंग एकमेकांत विरघळतात. आणि सगळ्यात गोड गोष्ट ही, की चौकटीला आपल्या पोटात काय आहे ते कळतं. पूर्वी आईचा, म्हणजे बाहेरच्या चौकटीचा, रंग आतल्या लेकराला लागायचा. आता लेकराकडे बघून आई रंग बदलते.

या नव्या नियमांबद्दल वाचलं आणि मला रविवारचं कीर्तन आठवलं. बुवांनी टाळ थांबवले होते आणि म्हणाले होते, "आत जे असेल ना, ते बाहेर उमटल्याशिवाय राहत नाही." माझे डोळे भरून आले. बायको कुजबुजली, "अहो, पुसा ते. लोकांना वाटेल मीच काही बोलले."

त्या तंद्रीतून मी बाहेर आलो नव्हतो, तोच संगीत शाळेचं काम आलं. शाळेची वाद्यं सुरात लावणारे काका गेले होते. चाळीस वर्षं पियानोच्या पोटात डोकं घालून बसलेला माणूस. शाळेच्या वेबसाइटवर त्यांचा फोटो कधी लागलाच नाही. काकूंनी एकच मागितलं, "उद्या अकराला शोकसभा आहे. तोवर एकदा तरी ते सगळ्यांना दिसू देत."

"काकू, एका ओळीत करतो," मी म्हणालो.

ओळ अशी होती: ज्या चौकटीच्या पोटात दिवंगत माणूस असेल, तिला काळी किनार यावी, तिच्यातला फोटो सावकाश करडा व्हावा आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' उमटावं. सावकाश म्हणजे कसा, तर अंगणात संध्याकाळ उतरते तसा. नमुन्यादाखल एकच चौकट करून पाहिली. काका इतके हळुवार मावळले की मी खिडकीशी तसाच बसून राहिलो.

आमच्या ऑफिसात एक तपासनीस आहे, त्याला सगळे शंकासुर म्हणतात. तो मागून वाकला. "पोटात म्हणजे किती पोटात?"

"पोटात म्हणजे पोटात."

"फोटो चौकटीत. चौकट रांगेत. रांग पानात. मग काका नक्की कुणाच्या पोटात?"

"तुला एकदा कीर्तनाला न्यायला हवं," मी म्हणालो. "तुझ्यात भाव नाही."

सकाळी नऊला पान चढवलं. साडेनऊला प्राचार्यबाईंचा फोन.

"मी बोलतेय."

"बोला ना बाई."

"नाही, नीट ऐका. मी बोलतेय. म्हणजे मी आहे अजून."

मी पान उघडलं. व्हायोलिनचे सर हसत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत, फार सुंदर, करडे होत गेले. खाली श्रद्धांजली. गाण्याच्या बाई मावळल्या. प्राचार्यबाई मावळल्या. शाळेच्या पायरीवर झोपलेलं मांजरही गेलं. काका चौकटीच्या पोटात होते, चौकट रांगेच्या, आणि रांग अख्ख्या पानाच्या. दिवस गेले सुनेला आणि डोहाळे आजेसासूपासून सगळ्यांना!

"छान जमलंय," शंकासुर म्हणाला. "विशेषतः मांजर."

मी ओळीत एक खूण घातली: फक्त सख्ख्या आईपुरतं, म्हणजे काकांच्या स्वतःच्या चौकटीपुरतं. पान दुरुस्त झालं. पण ज्यांनी ते आधीच पाहिलं होतं, त्यांच्या मनातून कसं पुसणार? धावत शाळा गाठली.

दारात व्हायोलिनच्या सरांचे मेहुणे, हातात मोठा गुच्छ. दार उघडायला स्वतः सर.

"तुम्ही?" मेहुणे एक पायरी मागे सरले.

"मीच. पण तुम्ही दहा वर्षांनी आलात, त्याअर्थी गेलो असेन बुवा."

आत पाय ठेवायला जागा नव्हती. सरांनी तो गुच्छ मेहुण्यांच्या हातून काढून घेतला आणि काकांच्या फोटोपुढे ठेवला. मग बाकीच्यांनीही आपापली फुलं तिथेच ठेवली, ज्याच्यासाठी आणली होती त्याच्याकडे जरा ओशाळून बघत.

मी काकूंपुढे हात जोडले. "चुकलो काकू. पण आता बघा, बरोबर झालंय." फोन पुढे धरला. शिक्षक रंगीत, मांजर रंगीत. काका तेवढे काळ्या किनारीत संध्याकाळसारखे करडे झाले.

काकूंनी फोटो निरखून पाहिला. "सकाळी बरं होतं," त्या म्हणाल्या.

"सकाळी?"

"सगळेच करडे होते, त्यातच हेही होते. आता सगळ्यांना रंग, आणि माझ्याच माणसाचा तेवढा काढून घेतलात? तो निळा सदरा मी घेतला होता हो त्यांना."

मी बाहेर पायरीवर, मांजराच्या शेजारी बसलो आणि ती ओळ पुसून टाकली. किनार गेली, श्रद्धांजली गेली, निळा सदरा परत आला. आत जाऊन फोन पुन्हा काकूंपुढे धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "हां. हे ते."

तेव्हा एवढं करा. कुठे एखादं वाद्य अगदी सुरात लागलेलं ऐकलंत, तर वाजवणाऱ्याला मान डोलावून झाल्यावर निळ्या सदऱ्यातल्या काकांची आठवण काढा. माझी नाही काढलीत तरी चालेल. शंकासुर रोज काढतो.