म्हात्रेमामांचे नऊ किलोमीटर

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यातले स्टोअरकीपर म्हात्रेमामा अंतर दमात मोजायचे. कँटीन अर्धा दम, शिवमंदिर चार दम, आणि साहेबांची केबिन ‘जाताना एक, येताना तीन’.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कंपनीच्या डॉक्टरांनी एक छापील फॉर्म काढला. कुणाला धावायला लावायचं नाही. किती चालता, किती जिने चढता, घाम कधी येतो, एवढं विचारायचं आणि माणसाच्या छातीत किती ताकद आहे याचा अंदाज बांधायचा. मी टाइम ऑफिसात क्लार्क, म्हणून फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. एकाने घाम येण्याचं ठिकाण ‘सासुरवाडी’ असं सांगितलं.

मामांना विचारलं, “चालणं किती?”

“नऊ किलोमीटर.”

मी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. “मामा, रोजचं विचारतोय.”

“रोजचंच सांगतोय. लिहा.”

“जाता कुठे एवढं?”

“पाय नेतील तिथे.”

रांगेतले हसले, मीही हसलो. मामांची पाठ वळल्यावर नवाच्या जागी एक लिहिला.

यादी लागली. मामा सगळ्यात खालच्या गटात. त्यांना माळ्यावर चढायची बंदी झाली, गेटजवळ टेबल मिळालं. पोरं मुद्दाम त्यांचा हात धरून पायरी उतरवू लागली. फॉर्मवरचा एक पाहून मामा मला म्हणाले, “घाईत माझ्या तोंडून एक गेलं असेल. तुमचा काय दोष?”

मी नुसती मान हलवली.

महिन्याभराने एका संध्याकाळी कापड घ्यायला उल्हासनगरला गेलो. एका सिंधी दुकानासमोर, रस्त्यापलीकडे मामा घामाघूम उभे होते. मला पाहून चोरी पकडल्यासारखे झाले.

“पोरगी आहे आत,” ते म्हणाले. ही मुलगी पुण्याला दिलीय, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. “सिंध्याशी लग्न केलं म्हणून मीच म्हणालो, मला बाप म्हणू नकोस. आता कुठल्या तोंडाने आत जाऊ? रोज अंबरनाथहून चालत येतो, बघतो आणि परत चालत जातो.”

“मामा, तुमचा नऊ मीच खोडला,” मी म्हणालो.

त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. “तुम्ही आत जा ना,” ते म्हणाले. “बाळ बसायला लागलं का, एवढं बघा.”

गेलो. लहानपणी ती बापाचा डबा घेऊन गेटवर यायची, त्यामुळे तिने मला ओळखलं. गादीवर बाळ उशीला टेकून बसलं होतं. मी काही बोलायच्या आत तीच हळू आवाजात म्हणाली, “समोर बाबा आहेत, मला माहितीये. रोज दिसतात.”

“मग हाक का मारत नाहीस?”

“भीती वाटते, काका. हाक मारली तर लाजतील. उद्यापासून यायचे बंद होतील.”

तिने बाळाला उचललं आणि दारात, उजेडात आणून बसवलं.