सात सेकंदांचा पॉज

"येत्या गुरुवारी कोर्ट हलवून सोडतो की नाही, बघच तू!"

वकीलसाहेबांनी जेवता जेवता ही घोषणा केली आणि समोर बसलेली बायको म्हणाली, "काय हवंय? जरा मोठ्यानं बोला की!"

आता ज्या माणसाचा आवाज हातभर अंतरावरच्या बायकोपर्यंत पोचत नाही, तो कोर्ट कसं हलवणार, असं कुणालाही वाटेल. खुद्द वकीलसाहेबांनाही वाटलं. पण एकदा बोललेलं पुन्हा बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी हातानंच 'काही नाही' अशी खूण केली आणि पाणी प्यायले.

बावीस वर्षं ते वकिली करत होते आणि त्यातली एकवीस वर्षं कोर्टात त्यांचं नाव 'हळूसाहेब' असं पडलं होतं. अभ्यास दांडगा, फाईल चोख, अक्षर मोत्यासारखं. आवाज तेवढा शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत यायचा आणि तिथंच बसकण मारायचा. अलीकडे तर सगळं अंगच बसकण मारू पाहत होतं. सकाळी फाईलींची पिशवी घेऊन तीन मजले चढायचे, पुकारा होईपर्यंत दिवसभर बाकावर बसून राहायचं, पुकारा झाला की पुढची तारीख घ्यायची आणि तीच पिशवी घेऊन तीन मजले उतरायचे. "मला आता कुणाशी भांडायचं नाही, दुसऱ्याच्या वतीनंसुद्धा नाही," असं ते एकदा बायकोला म्हणाले होते. तेही तिला ऐकू गेलं नव्हतं.

पण गुरुवारची गोष्ट निराळी होती. गुरुवारी टेलरकाकांच्या दाव्यात युक्तिवाद होता.

टेलरकाका एकतीस वर्षं एकाच भाड्याच्या गाळ्यात शिलाई मशीन चालवत होते. मालकाला तो गाळा रिकामा हवा होता. 'दुकान आठ महिने विनाकारण बंद होतं, म्हणून भाडेकरूनं जागा सोडावी,' एवढाच त्याचा दावा. दुकान बंद होतं हे खरं होतं. पण विनाकारण नव्हतं. काकू अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांना उठवण्या-बसवण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं काका एकटे करत होते. काकू गेल्या. काकांनी मन घट्ट करून दुकान उघडलं आणि त्याच आठवड्यात मालकाची नोटीस आली. आता गाळाही गेला तर या माणसानं सकाळी उठून जायचं कुठं? हे सगळं फाईलमध्ये होतं, दवाखान्याच्या कागदांसकट. फक्त ते कुणाच्या तरी कानावर पडायला हवं होतं.

मागच्या तारखेला काकांनी बाहेर आल्यावर चाचरत विचारलं होतं, "साहेब, आज तुम्ही बोललात ना?"

"वीस मिनिटं बोललो, काका."

"असं होय! मला वाटलं, मनातल्या मनात वाचताय."

हे मात्र हळूसाहेबांच्या जिव्हारी लागलं. त्यामुळे वकील संघानं शनिवारी 'प्रभावी वक्तृत्व' या विषयावर कार्यशाळा ठेवली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी झोप सोडून नाव नोंदवणारे ते पहिले ठरले.

कार्यशाळा घ्यायला आलेल्या बाई याआधी दारोदार पाण्याचे फिल्टर विकणाऱ्यांना बोलायला शिकवत. समोर चाळीस वकील बसले होते आणि चाळीसही जण एकाच वेळी बोलत होते. बाईंनी टाळी वाजवून त्यांना गप्प केलं.

"तीन गोष्टी लक्षात ठेवा! एक, सुरुवात प्रश्नानं करा. दोन, प्रश्न विचारला की पॉज घ्या. सात सेकंद! काय वाटेल ते होवो, पॉज मोडायचा नाही. तीन, कागद बाजूला आणि नजर थेट समोरच्याच्या डोळ्यांत!"

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या वकिलानं हात वर केला. "बाई, आम्ही सात सेकंद गप्प राहिलो आणि समोरचा वकील उठून उभा राहिला तर?"

"कशाला उठेल? तो भारावून गेलेला असेल!"

सगळे हसले. हळूसाहेब हसले नाहीत. ते वहीत लिहून घेत होते, 'सात सेकंद. मोडायचा नाही.' आणि खाली दोन रेघा मारत होते.

सोमवारी संध्याकाळी ते कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले, एक हात उंचावला, डोळे वटारले आणि असेल नसेल तेवढा जोर लावून म्हणाले, "हे दुकान आठ महिने बंद का होतं?" आणि पॉज घेतला.

नेमकी त्याच वेळी बायको खोलीत आली. तिला दिसलं ते असं: नवरा एका जागी थिजलेला, हात हवेत, तोंड अर्धवट उघडं, डोळे बाहेर आलेले!

"अहो! अहो, काय होतंय?"

पॉज मोडायचा नव्हता. दुसऱ्या सेकंदाला तिनं त्यांना धरून पलंगावर आडवं केलं. चौथ्या सेकंदाला ती गॅलरीत होती. ती शाळेत शिक्षिका, त्यामुळे अठ्ठावीस वर्षं पोरांना ओरडून कमावलेला आवाज. तिनं "डॉक्टरऽऽ!" अशी हाक मारली तेव्हा समोरच्या इमारतीतले तीन डॉक्टर खिडकीत आले. त्यातले एक धावत आलेही. ते दातांचे होते.

"हसून दाखवा. दोन्ही हात वर करा. जीभ बाहेर काढा."

"अहो, मी पॉज..."

"बोलू नका! जीभ बाहेर!"

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला. इतक्या गोंधळात तो वाढायचाच, तसा वाढलेला होता. "आठवडाभर संपूर्ण विश्रांती," डॉक्टर म्हणाले, आणि जाता जाता, आलोच आहे तर म्हणून, एक अक्कलदाढ काढावी लागेल असंही सांगून गेले.

खरा प्रकार कळल्यावर बायको आधी रागावली, मग तिनं कंबर कसली. नवऱ्याला बोलायला शिकायचंय आणि आपण घरात असताना तो फिल्टरवालीकडे जातो? मंगळवारपासून तिनं त्यांना गच्चीवर न्यायला सुरुवात केली. स्वतः पाण्याच्या टाकीजवळ उभी राहायची आणि त्यांना पार दुसऱ्या टोकाला उभं करायची.

"शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे! पोटातून!"

"हे दुकान आठ महिने बंद का होतं?"

"येत नाही! पुन्हा!"

बुधवारी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि म्हणाले, "ते दुकान कुठलं आहे ते सांगा, मी स्वतः जाऊन उघडतो. पण आता पुरे करा!"

गुरुवारी हळूसाहेब तीन मजले चढून कोर्टात आले तेव्हा पायांत त्राण नव्हतं आणि घसा सोलून निघाल्यासारखा झाला होता. टेलरकाका इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले होते. हात मांडीवर आणि नजर साहेबांवर.

मालकाच्या वकिलाला सगळे 'नगारा' म्हणत. तो कार्यशाळेला आला नव्हता, कारण आपल्याला शिकवण्यासारखं जगात काही उरलेलं नाही असं त्याचं प्रामाणिक मत होतं. त्यानं चाळीस मिनिटं कोर्ट दणाणून सोडलं. न्यायाधीशबाई सकाळपासूनच दमल्या होत्या. डावा कान हातानं झाकून त्यांनी उजव्या हातानं मुद्दे लिहून घेतले. मग त्या हळूसाहेबांकडे वळल्या, पेन खाली ठेवलं आणि सवयीनं पुढे वाकल्या.

हळूसाहेब उठले. फाईल बंद केली. दोरी गुंडाळून गाठही मारली, कागद बाजूला म्हणजे बाजूला! आणि पोटातून गरजले, "मॅडम! हे दुकान आठ महिने बंद का होतं?"

स्टेनोच्या हातून वही पडली. दारातला शिपाई आत डोकावला. काकांचा चेहरा उजळला, पहिल्यांदाच त्यांना आपल्या वकिलाचा आवाज ऐकू आला होता.

हळूसाहेबांनी न्यायाधीशबाईंच्या डोळ्यांत डोळे घातले आणि मोजायला सुरुवात केली. एक. बाईंनी दचकून मागच्या भिंतीकडे पाहिलं, तिथं काही आहे की काय. दोन. तीन.

आणि नगारा उठला!

"मॅडम, अगदी हाच माझा प्रश्न आहे! चाळीस मिनिटं मी हेच विचारतोय. आता तर प्रतिवादीचे वकीलही हेच विचारतायत!"

चार. काय वाटेल ते होवो, पॉज मोडायचा नाही.

"वकीलसाहेब," बाईंनी विचारलं, "म्हणजे दुकान आठ महिने बंद होतं, हे तुम्हाला मान्य आहे?"

पाच. मान्य होतंच. हळूसाहेबांनी मान डोलावली.

"आणि कारण?"

सहा.

बाईंनी निःश्वास सोडला आणि स्टेनोला सांगितलं, "घ्या लिहून. दुकान बंद असल्याचं प्रतिवादीच्या वकिलांनी मान्य केलं. कारण विचारलं असता ते निरुत्तर झाले."

सात!

हळूसाहेबांनी तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली. दोन दिवस गच्चीवर उधळलेला आवाज त्या एका प्रश्नात संपला होता! त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हवा. मग फाईलकडे धाव घेतली, तर दोरीला बसलेली गाठ काही केल्या सुटेना. नखानं ओढली, दातानं ओढली. नगारा पेनाला टोपण लावून आरामात मागे टेकला.

"युक्तिवाद संपला असेल तर दावा निकालासाठी बंद करते," बाई म्हणाल्या.

हळूसाहेबांनी मागे वळून पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावरचा उजेड कधीच गेला होता. बावीस वर्षांत हळूसाहेब पुष्कळ दावे हरले होते, पण आपल्या हातानं अशिलाचं दुकान मालकाच्या हवाली करताना स्वतःला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाईसाहेब," शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मी सांगू का?"

टेलरकाका उभे होते. नगारा ताडकन उठला. "मॅडम, माझी हरकत आहे! पक्षकाराचा वकील हजर असताना..."

"तुमचं चाळीस मिनिटं ऐकलं. यांचं दोन मिनिटं ऐकते. बसा."

काका बाक धरून बोलू लागले. "मोठं असं काही नाही, बाईसाहेब. बायको आजारी होती. तिला पाणी द्यायलासुद्धा दुसरं कुणी नव्हतं. ती रोज सकाळी म्हणायची, अहो, दुकान उघडा की, गिऱ्हाईक तुटेल. मी म्हणायचो, उद्या उघडतो. असं उद्या उद्या करत आठ महिने गेले."

पुढे त्यांना बोलवेना. ते तसेच उभे राहिले.

कोर्टात कुणी हललं नाही. नगाराही उठला नाही. किती सेकंद गेले ते कुणी मोजले नाहीत, हळूसाहेबांनीसुद्धा नाही.

"याचे काही कागद आहेत?" बाईंनी हळूच विचारलं.

हळूसाहेबांच्या घशातून कसाबसा एक शब्द निघाला. नगारा म्हणाला, "काय? काही ऐकू येत नाही!" पण बाईंनी हात वर केला. शिपायानं दार लोटून घेतलं, स्टेनोनं बोटं थांबवली, बाजूच्या बाकावरच्या वकिलांनी कागदांची सळसळ बंद केली. बावीस वर्षं हे लोक असंच करत होते. हळूसाहेब बोलायला उठले की अख्खं कोर्ट श्वास रोखून कान देत होतं, आणि ते एकट्या हळूसाहेबांना माहीत नव्हतं. त्यांची मान कायम कागदात!

"सांगा साहेब," बाई पुढे वाकून म्हणाल्या, "तुम्ही नेहमी बोलता तसं सांगा."

"पान एक्केचाळीस," हळूसाहेब पुटपुटले. "ते सत्तावन्न."

बाईंनी पान एक्केचाळीस काढलं. दवाखान्यात भरती केल्याचा कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, डॉक्टरांचा दाखला, आणि शेवटी मृत्यूचा दाखला. त्यांनी एकेक पान सावकाश वाचलं. नगाराही आपल्या प्रतीत शोधू लागला. त्यानं फाईल पान तीसच्या पुढे कधी उघडलीच नव्हती हे सगळ्यांना दिसलं.

"मघाशी घेतलेलं खोडा," बाई स्टेनोला म्हणाल्या. "आणि नवं लिहा. दुकान बंद होतं, त्याला रास्त कारण होतं. मालकाचा दावा फेटाळण्यात येतो."

बाहेर व्हरांड्यात चारपाच वकिलांनी हळूसाहेबांना घेरलं. "अशिलाला उभं करायची काय कल्पना काढलीत! आणि आधी मुद्दाम निरुत्तर व्हायचं? हे कुठल्या कार्यशाळेत शिकवतात?" हळूसाहेबांनी खरं सांगायचा प्रयत्न केला, पण आवाज नव्हता. शिवाय खरं सांगितलंच पाहिजे असंही त्यांना फारसं वाटलं नाही.

गर्दी पांगल्यावर काका जवळ आले. त्यांनी साहेबांची पिशवी आपल्या हातात घेतली. दोघं जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावर हळूसाहेब दम खायला थांबले, तेव्हा काकांनी विचारलं, "मालक वरच्या कोर्टात जाईल म्हणतात. खरं का?"

हळूसाहेबांनी मान हलवली. जाणार म्हणजे जाणारच.

काका कठड्याला टेकले. मग अवघडून म्हणाले, "साहेब, राग मानणार नसाल तर एक बोलू? तिथं मीच बोलीन. तुम्ही नुसते पान नंबर सांगा."

एखादा वकील यावर संतापला असता. हळूसाहेबांना मात्र इतकं हलकं वाटलं, की उरलेल्या पायऱ्या ते एका दमात उतरले.