अण्णा पोतनीसांच्या दुरुस्त्या

अण्णा पोतनीस माझ्याकडे आले की "काय, कसं काय?" असं कधी म्हणत नसत. वहाणा दाराबाहेर काढायच्या, छत्री कोपऱ्यात उभी करायची, खुर्ची टेबलापासून वीतभर मागे ओढायची आणि म्हणायचं, "दुरुस्ती घ्या."

मी तेव्हा महाडचा वार्ताहर होतो. मुंबईच्या एका दैनिकात चार वर्षं बातम्या तपासून, वडिलांच्या आजारपणामुळे गावी परतलो होतो आणि त्याच दैनिकाला महाड-पोलादपूरकडच्या बातम्या एस.टी.नं पाठवत होतो. दर गुरुवारी कचेरी सुटली की अण्णा आठवड्याच्या अंकांची गुंडाळी काखेत मारून हजर होत. माझ्या प्रत्येक बातमीवर लाल पेन्सिल फिरलेली असे.

"सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला, असं लिहिलंत. तीन माणसांनी वाजवल्या. त्यांतला एक मी, आणि मी डास मारत होतो."

एकदा गावातल्या एका वृद्धाच्या निधनाच्या बातमीत वय एका वर्षानं चुकलं. अण्णा तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन जन्मपत्रिका मागू लागले. थोरला मुलगा कळवळून म्हणाला, "अहो अण्णा, बाबा गेलेत हो!"

"ते बरोबर छापलंय," अण्णा म्हणाले. "वय चुकलंय."

त्यांच्या पत्नीला, माईंना, याचं काही वाटत नसे. "आमच्या लग्नात भटजींना थांबवलं होतं यांनी," त्या सांगत. "म्हणे, मुहूर्ताला अजून तीन मिनिटं आहेत. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले."

या सगळ्या दुरुस्त्या मी घेत असे. काही छापून येत, बहुतेक येत नसत. एक मात्र मी सहा वर्षं टाळत राहिलो. अण्णा दर गुरुवारी शेवटी तोच एक जुना, घडीवर फाटलेला अंक माझ्यापुढे ठेवत. मी म्हणे, "बघू." ते म्हणत, "बघा." मग छत्री घेऊन जात.

अण्णा बंदरावर कारकून होते. सावित्रीला समुद्राच्या भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं. पूर्वी त्या पाण्यावर गलबतं वर येत आणि ओहोटीबरोबर खाली जात. रस्ता झाला, मालमोटारी आल्या, आणि बंदरावर भाताच्या भुशाशिवाय काही उरलं नाही. तरी भरती किती वाजता चढली, किती वाजता उलटली, याची नोंद अण्णा रोज करत. ती कोणी वाचत नसे.

बंदरातून वाचलेला वेळ त्यांनी गावातल्या तरण मंडळाला दिला. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. पन्नाशीत एकदा पाठीला भोपळा बांधून ते पाण्यात उतरले आणि भोपळ्यासकट उलटे झाले. "मी पोहत नाही, मी वेळ घेतो," असं ते सांगत. मंडळाचं स्टॉपवॉच त्यांच्या गळ्यात असे आणि सुरुवातीचं निशाण त्यांच्या हातात. रविवारी एस.टी. धरून ते पोलादपूरच्या बाजूला जात, डोहात डुंबणारी पोरं हेरत आणि काठावर उभं राहून त्यांच्या वेळा लिहून आणत. कापडे गावच्या डोहावर पाणी भरायला आलेल्या एका बाईनं त्यांना विचारलं होतं, "पान्यात पडायला मानसाला घड्याळ कशाला लागतंय वो?"

"पडायला नाही लागत, बाई. बाहेर यायला लागतं."

ती बाई किसन सकपाळची आई. हे संभाषण अण्णांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. किसन तेव्हा सोळा वर्षांचा होता. बाप मुंबईला गिरणीत, घरी आई आणि तो. पोहताना मान डाव्या खांद्यावर टाकण्याची त्याला खोड होती. ती मोडण्यात अण्णांनी एक अख्खा उन्हाळा घालवला.

स्पर्धेचा निकाल अण्णा स्वतः माझ्याकडे आणत. त्यात पोहलेल्या सगळ्या मुलांची नावं असत, गावासकट, क्रमानं. "पहिले तीन छापतात, अण्णा," मी म्हणे.

"मग बाकीचे काय बुडाले?"

हा विनोद त्यांनी त्या वर्षानंतर केला नाही.

त्या वर्षी मंडळाच्या स्पर्धेतून मुंबईच्या सामन्यांसाठी तीन मुलं निवडली जाणार होती. मार्ग नेहमीचाच. नदीत दोन मैल खाली होडीनं जायचं, भरती चढत असताना पाण्यात उतरायचं आणि पाण्याबरोबर वर घाटावर यायचं. पाणीच अर्धं काम करतं. सुरुवात सव्वाआठला ठरली होती. वेळ अण्णांनीच काढून दिली होती, कारण साडेनऊनंतर भरती उलटणार होती.

मुंबईहून येणारे पाहुणे वेळेवर आले नाहीत. माणगावजवळ त्यांची मोटार बंद पडल्याचा निरोप आला. मंडळाच्या अध्यक्षांनी खाली सांगावा धाडला, "पाहुणे आल्याशिवाय निशाण पाडू नये." तेवीस मुलं काठावर उघड्या अंगानं बसून राहिली. पाहुणे पावणेदहाला घाटावर पोहोचले. हार झाले, घाटावरून रुमाल हलला, वळणावरच्या माणसानं तो पुढे हलवला, आणि दोन मैल खाली अण्णांनी निशाण पाडलं.

मुलं ओहोटीच्या विरुद्ध पोहत होती. एकोणीस जणांनी हात वर केले. त्यांना होड्यांनी उचललं. तिघं कसेबसे घाटाला लागले. किसन सकपाळ दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बाजूला खारफुटीत सापडला.

मी सगळा वेळ घाटावर मांडवात होतो. नदीतलं मी काही पाहिलं नव्हतं. अध्यक्षांनी सांगितलं ते लिहून घेतलं आणि बातमी पाठवली. मुंबईच्या संपादकीय टेबलावर तिला मथळा मिळाला, "महाड येथे जलतरण स्पर्धा उत्साहात". शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं. स्वयंसेवकांनी वारंवार दिलेल्या सूचना न जुमानता पुढे गेल्याने एक स्पर्धक बुडून मरण पावला. मथळा टेबलाचा होता. वाक्य माझं होतं.

अंक आला त्याच दुपारी अण्णा आले. कचेरी सुटायची होती. वहाणा पायातच होत्या.

"दुरुस्ती घ्या. एक, उत्साहात नाही. दोन, सूचना कोणीही दिलेली नाही. होडीत मी होतो. तीन, भरती उलटल्याचं वेळ घेणाऱ्याला माहीत होतं. माहीत असून त्यानं निशाण पाडलं. त्याचं नाव द. ना. पोतनीस. लिहा."

मी लिहिलं आणि पाठवलं. संपादकांचं उत्तर आलं, झालेल्या बातमीची अशी दुरुस्ती छापण्याची प्रथा नाही. अध्यक्षांना विचारलं तर ते म्हणाले, "पोतनीसांच्या डोक्यावर परिणाम झालाय. तुम्ही तरी शहाणे आहात ना?" मी शहाणा ठरलो. आणखी एक गोष्ट खरी आहे. ती दुरुस्ती छापली असती तर ज्या वाक्यात चूक होती ते कोणी लिहिलं, हाही प्रश्न निघाला असता.

पुढच्या वर्षी मंडळानं स्पर्धा भरती न लागणाऱ्या डोहात नेली. फुकट वेळ घेणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून अण्णांनाच ठेवलं. मग त्यांनी जे सुरू केलं त्याची गावात बरीच चेष्टा झाली. ठरलेलं मिनिट झालं की ते निशाण पाडत. पाहुणे नसोत, अध्यक्ष नसोत, ध्वनिक्षेपकावर सनई चालू असो. एका वर्षी पाहुणे उतरले तेव्हा मुलं केस पुसत होती. पाहुण्यांनी त्यांना शुभेच्छा दिल्या. मी "पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन" असं लिहिलं आणि गुरुवारी ऐकून घेतलं, "उद्घाटन नाही. त्यांनी फक्त पेढा खाल्ला."

अध्यक्ष एकदा सगळ्यांसमोर ओरडले, "अहो पोतनीस, पाच मिनिटं थांबला असतात तर काय आभाळ कोसळलं असतं?"

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. आजूबाजूची माणसं हसली.

त्या एका वाक्याचं पुढे काय झालं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. अण्णांना आधीपासून माहीत होतं. ते कापड्याला जात होते. किसनच्या बापाला मुंबईत खोलीवर कोणीतरी पेपर वाचून दाखवला होता. छापलेलं खोटं कसं असेल? पोरगा सांगितलेलं ऐकत नव्हता, आणि तो तसा झाला आईच्या लाडानं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. बाराव्याला आला, बायकोला म्हणाला, "तूच लाडावलास, तूच बुडवलास," आणि परत गेला. त्यानंतर गणपतीलाही घरी आला नाही. गावातही तेच बोललं जाई. विहिरीवर पोरं दंगा करू लागली की बाया म्हणत, "आयका रं, नायतर किसन व्हईल."

"ती बाई एकटी भात लावते," अण्णा म्हणाले. "तुमचं वाक्य अजून चालू आहे."

सहाव्या वर्षी संपादक बदलले. अण्णांचा मजकूर मी वाचकाचं पत्र म्हणून पाठवला आणि खाली दोन ओळी जोडल्या, की मूळ बातमी वार्ताहरानं स्वतः न पाहता दिली होती. पत्र छापून आलं, आतल्या पानावर, मुंग्यांच्या पावडरच्या जाहिरातीखाली. माझ्या दोन ओळी टेबलावर गळल्या होत्या.

"अर्धी छापली," अण्णा म्हणाले. पण त्यांनी पाच अंक विकत घेतले.

त्याच संध्याकाळी मंडळाचा शिपाई त्यांच्या घरून स्टॉपवॉच आणि निशाण घेऊन गेला. अध्यक्ष मला रस्त्यात म्हणाले, "सहा वर्षांनी घाण उकरून त्या म्हाताऱ्यानं काय मिळवलं?"

रविवारी अण्णा दारात आले. "कापड्याला चलता? वाक्य तुमचं होतं."

पोलादपूरला गाडी बदलून आम्ही गेलो. दिवस भाताच्या झोडणीचे होते. किसनच्या आईनं अंगणात भात वाळत घातलं होतं आणि ती कडेला बसून सुपानं पाखडत होती. अण्णांना पाहून तिनं पदर सारखा केला. त्यांचं येणं तिला नवीन नसावं. "या. ह्ये कोन?"

"पेपरात ते लिहिलं होतं, ते हे," अण्णा म्हणाले.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सूप हाती घेतलं.

अण्णांनी अंक उलगडला आणि उभ्यानंच पत्र वाचून दाखवलं. स्वतःचं नाव आलं तिथं आवाज खाली केला नाही. ती म्हणाली, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं.

"मंजे त्यानं आयकलं व्हतं."

"त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. न ऐकण्याचा प्रश्न येत नाही."

"त्येच्या बापाला कळवलंत?"

"तीन अंक रजिस्टरनं पाठवलेत. एक त्यांना, दोन खोलीतल्या गाववाल्यांना. त्यांना वाचता येतं."

ती थोडा वेळ पाखडत राहिली. मग विचारलं, "कितवा व्हता वो त्यो?"

पहिला म्हणा, असं मला वाटलं. इथं कोण तपासणार होतं?

"सातवा," अण्णा म्हणाले. "वळणापर्यंत सातवा."

"सातवा!" ती चक्क हसली. "मला सांगून गेलता, आये, पयला येतू. लबाड." मग हसू उतरलं. "सातवा म्हनता, मंग तुमचं बाकीचं बी खरं आसंल."

सूप तिनं जमिनीवर ठेवलं. "आनि भ्याला का?"

अण्णांनी अंकाची घडी घातली. ती नीट बसेना, पुन्हा घातली.

"भ्याला," ते म्हणाले. "त्यानं मला हाक मारली. अण्णा म्हणून. दोनदा. होडीत आधीच चार पोरं होती. होडी वळता वळेना. मी हात पुढं केला. वीस-पंचवीस हात अंतर होतं. मला पोहता येत नाही." मग ते म्हणाले, "हे मी छापायला दिलं नाही."

मलाही त्यांनी हे सहा वर्षांत सांगितलं नव्हतं.

तिनं जमिनीवरचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "त्येला तुमी दिसत व्हता?"

"दिसत होतो. माझ्याकडेच बघत होता."

"मंग येकला नव्हता," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसून उठली. "बसा. भाकर टाकते. इतक्या लांबनं आलाव."

ती आत गेली. अण्णा ओट्याच्या कडेवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. भातावर कोंबड्या आल्या होत्या. मी काठी घेतली आणि भाकरी होईपर्यंत त्या हाकलत राहिलो.