चाळीस नाण्यांचं गणित

बाजारात जुडीभर मेथी घ्यायची तरी सदूमास्तर आधी विकणारीच्या पिशवीचं गणित सोडवीत.

"मावशी, नाणी किती?"

"बारा."

"आणे नि चार आण्यांच्या पावल्याच ना? एकूण किती?"

"एक रुपया दोन आणे."

"समजा, आणे क्ष..." मास्तर डोळे मिटत. "दहा आणे, दोन पावल्या!"

"ते मला दिसतंय की! मेथी घेताय का न्हाई?"

लोणावळ्याच्या शाळेत ते बीजगणित शिकवीत. मी त्यांचा शेजारी, आणि मला त्यांचा संताप येई. डोंगरातली एक अख्खी वाडी धरणात जाणार होती, मी पत्रकांमागून पत्रकं छापत होतो, आणि हा शिकलेला माणूस माझ्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर समीकरणं मांडत होता!

"मास्तर, घरं बुडतायत!"

"दोन अज्ञातं असली की दोन अटी लागतात, बाबा. एकीवर भागत नाही."

वाडीचा दावा लढवायला पैसे कमी पडले, तेव्हा नाइलाजानं त्यांच्या दारी गेलो. त्यांनी फळीवरून मातीचा गल्ला काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"हा आमच्या हिचा. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण मला गणित घातलं. चाळीस नाणी, काही आणे, काही पावल्या, ओळखा. म्हटलं, एकूण रक्कम सांग. म्हणाली, उद्या सांगते." त्यांनी गल्ला पुन्हा पुसला. "त्याच रात्री ताप चढला. साथीचा. आठ वर्षं झाली."

"मग फोडला का नाही?"

"फोडून पाहिलं तर ते सोडवणं कसलं? ने तू. रक्कम मात्र मला सांगू नकोस."

घरी येऊन फोडला. नाणी बरोबर चाळीस. सगळे आणे. मास्तरांच्या पगारात तिला एकही पावली बाजूला टाकता आली नव्हती.

अडीच रुपयांनी काय होणार? दावा हरलो. माणसं भांडीकुंडी डोक्यावर घेऊन निघून गेली. माझ्या पत्रकांनी एका घराचा खांबही वाचला नाही.

पाणी चढलं तेव्हा मास्तर काठावर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"रक्कम विचारत नाही," ते म्हणाले. "पण पावल्या होत्या ना रे?"

सत्य दडवणारा तो जनतेचा शत्रू, हे वाक्य मी प्रत्येक पत्रकात ठळक छापत आलो होतो.

"होत्या, मास्तर," मी म्हणालो.