टिटवी मिटली त्याची हकिकत

श्री वाग्देवी प्रसन्न. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकावे.

राज्यातील अर्ज, दाखले सर्व फोनवर आणावे ऐसे महाराजांचे मनात आले, आणि फोनची पाने ज्या तयार चौकटीवर बांधावयाची ती कोणती घ्यावी, याचा निवाडा दरबारी मांडिला. चौकटी दोन उरल्या. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड सर्वांस खुला. जुनी ती 'टिटवी'. ती पाच जणांनी ऐन उमेदीत रचिली होती, पैकी चौघे निवर्तले आणि राखणीस एकट्या अनसूयाबाई राहिल्या. नवी तो 'चांदवा', त्याचे राखणदार शार्दूलपंत. दरबाराने टाकिली तर टिटवीस दुसरा आसरा नाही, हे बाई जाणून होत्या.

त्या राज्याची रीत अशी की, राखणदाराने आपल्या चौकटीचे दोष सांगावे आणि समोरच्या चौकटीचे गुण. मग शार्दूलपंत उठून बोलिले, "महाराज, घाटाखाली नेट मुंगीच्या पावलाने येते. तेथे टिटवी लागलीच उघडते, आणि आमचा चांदवा नुसते चक्र फिरवीत बसतो." दरबार हसला आणि बाईंस अंमळ उभारी आली. मग त्यांची पाळी आली. एक दोष त्यांनाच ठाऊक होता. गिळला असता तर टिटवी तगली असती. बाई बोलिल्या, "टिटवीत अक्षर मोठे केले की बटणे एकमेकांवर चढतात, काही दाबता येत नाही. रचिली तेव्हा आम्ही सारे तरणे होतो. कोणाचे डोळे जातील हे ध्यानीच आले नाही. चांदव्यात अक्षर हवे तेवढे वाढते."

चिटणीस खवचट. ते म्हणाले, "मग बाई, आपण स्वतः काय वापरता?"

"चांदवा."

"म्हणजे घरची चूल सोडून शेजारी जेवता?"

"दिसत नाही हो, काय करू," बाई म्हणाल्या, आणि चिटणिसांनी मान खाली घातली.

महाराज बोलिले, "राज्यात वृद्ध फार. चांदवा घ्यावा. पंत, हलके कसे चालावे ते बाईंपासून शिकून घ्या."

चौकट मिटताना रचणारांची नावे उच्चारावी, हीही रीत. बाई उभ्या राहिल्या आणि कैलासवासी मोरेश्वर, कैलासवासी सुलभा, कैलासवासी दत्ताजी, कैलासवासी कुमुदिनी म्हणत गेल्या, आणि त्याच ओघात कैलासवासी अनसूया म्हणोन खाली बसल्या. कोणी दुरुस्त केले नाही.

एकूण मजकूर इतकाच. चांदवा चालला, वृद्धांची सोय जाहली. टिटवीचा कोड अद्याप खुला आहे. न्यावयास कोणी आले नाही.